गेमचं अँटी-चीट, आपली प्रायव्हसी आणि पीसीची सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन शूटर इन्स्टॉल केला की गेमसोबत चीटिंग रोखणारं अँटी-चीट नावाचं अजून एक सॉफ्टवेअर येतं, ॲडमिनची परवानगी मागतं, आपल्याला मॅच खेळायची घाई असते म्हणून आपण हो म्हणतो आणि विसरून जातो. मग कधीतरी "रूटकिट" (सिस्टममध्ये खोल लपून बसणारं सॉफ्टवेअर), "स्पायवेअर" (हेरगिरी करणारं) असले शब्द कानावर येतात आणि धडकी भरते. या विषयावर टोकाची मतं भरपूर आहेत, एकीकडे सगळ्यालाच स्पायवेअर म्हणणारे आणि दुसरीकडे "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला" म्हणणारे. आणि दोन्हीकडचे लोक प्रायव्हसी आणि सिक्युरिटी या दोन गोष्टींची गल्लत करतात. इथे त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात, कारण त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

अँटी-चीट नक्की करतं तरी काय?

गेम चालू असताना त्याची मेमरी दुसरं कोणी वाचतंय का, त्यात काही बदलतंय का, गेमच्या प्रोसेसमध्ये बाहेरची फाइल कोणी घुसवली आहे का, हे बघत बसतं. एमबॉट (आपोआप नेम धरणारं) असो की वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दाखवणारं), बहुतेक चीट हेच करतात, गेमच्या मेमरीतून समोरच्या प्लेयरची जागा उचलतात आणि ती स्क्रीनवर दाखवतात नाहीतर माउस तिकडे वळवतात. त्यामुळे अँटी-चीट चालू प्रोग्रॅमची यादी बघतं, लोड झालेले ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) बघतं, माहितीतल्या चीटच्या खुणा मेमरीत आणि फाइलींमध्ये शोधतं आणि संशय आला की सर्व्हरला कळवतं.

मग त्याला कर्नेलमध्ये कशाला जायचंय?

विंडोजमध्ये साधारण दोन मजले धरा. आपला ब्राउझर, गेम, म्युझिक प्लेयर हे सगळे वरच्या मजल्यावर, आणि खाली कर्नेल, जिथे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर चालतात. वरच्या प्रोग्रॅमला काहीही हवं असलं की कर्नेललाच विचारावं लागतं. आता चीट बनवणारे आधी खाली उतरले. त्यांनी काय केलं तर कुठल्यातरी कंपनीचा जुना, सही असलेला (म्हणजे विंडोज विश्वास ठेवेल अशी डिजिटल सही) पण भोक पडलेला ड्रायव्हर लोड करायचा आणि त्या भोकातून स्वतःचा कोड कर्नेलमध्ये ढकलायचा. एकदा चीट तिथे बसलं की वरच्या मजल्यावरचं अँटी-चीट विंडोजला कितीही वेळा विचारो की बाबा माझ्या गेमची मेमरी कोण वाचतंय, उत्तर चीटला हवं तेच येणार. म्हणून अँटी-चीटवालेही खाली गेले. हे कारण खोटं नाहीये, कंपन्या उगाच बनवून सांगतात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण कारण खरं आहे म्हणून किंमत कमी होत नाही, तिच्याबद्दल पुढे येईलच.

सगळी अँटी-चीट सारखीच असतात का?

अजिबात नाही. व्हॉल्व्हचं व्हॅक २००२ पासून आहे आणि ते वरच्याच मजल्यावर चालतं. एपिकच्या मालकीचं ईझी अँटी-चीट, बॅटलआय, कॉल ऑफ ड्युटीचं रिकोशे यांचे कर्नेल ड्रायव्हर असतात पण ते सहसा गेम सुरू केल्यावर लोड होतात. रायटचं व्हॅनगार्ड, जे २०२० मध्ये व्हॅलोरंटसोबत आलं आणि २०२४ मध्ये लीग ऑफ लेजंड्समध्येही आलं, ते पीसी सुरू होतानाच लोड होतं, म्हणजे तुम्ही आज गेम उघडणार नसलात तरी. त्यांचा युक्तिवाद असा की चीट आपल्या आधी कर्नेलमध्ये पोचलं तर नंतर जाऊन उपयोग नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे ते. फक्त आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्या माणसाने बाकीचा सगळा वेळ तो ड्रायव्हर का सांभाळायचा हा प्रश्न उरतोच.

माझे फोटो, पासवर्ड, ब्राउझर हिस्टरी बघतं का ते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यात एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या अकाउंटवर चालणारा कुठलाही साधा प्रोग्रॅम, अगदी कर्नेल ड्रायव्हर नसलेला साधा गेमसुद्धा, तुमच्या डॉक्युमेंट्सचं फोल्डर वाचू शकतो, स्क्रीनशॉट घेऊ शकतो, ब्राउझरच्या बऱ्याच फाइलींना हात लावू शकतो. विंडोजची रचनाच तशी आहे. म्हणजे हेरगिरी करायचीच असेल तर कर्नेलची गरज नाही. "हे कर्नेलवालं नाहीये म्हणजे प्रायव्हसी सेफ" हा समज चुकीचा आहे.

दोन जुनी उदाहरणं बघा. २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं अँटी-चीट वॉर्डन चर्चेत आलं, कारण ग्रेग हॉगलंड या सिक्युरिटीवाल्याने दाखवून दिलं की ते गेमच्या बाहेर उघडलेल्या इतर खिडक्यांची टायटल्सपण वाचतं. खिडकीच्या टायटलमध्ये काय काय असतं विचार करा, ईमेलचा विषय, चॅटमधल्या माणसाचं नाव, काहीही. आणि २०१४ मध्ये व्हॅक लोकांच्या पीसीतला डीएनएस कॅश, म्हणजे पीसीने अलीकडे कुठल्या साइटचे पत्ते शोधले त्याची यादी, बघतंय अशी बोंब उठली. व्हॉल्व्हचा प्रमुख गेब न्यूवेलने स्वतः उत्तर दिलं की हो, काही विकतचे चीट स्वतःचं लायसन्स तपासायला त्यांच्या सर्व्हरशी बोलतात, त्या सर्व्हरचा माग काढायला ही तपासणी होती, आधीच संशय आलेल्या थोड्याच पीसींवर चालली, ५७० चीटर सापडले आणि ब्राउझिंग हिस्टरी आम्ही घेत नाही. उत्तर पटण्यासारखं होतं. पण ते आलं बोंब उठल्यावर, आधी नाही.

प्रत्यक्षात जे गोळा होतं ते साधारण असं असतं: चालू प्रोग्रॅम आणि ड्रायव्हरची यादी, संशयित फाइलींचे हॅश (फाइलीचा ठसा म्हणता येईल असा आकडा), आयपी पत्ता आणि हार्डवेअरची ओळख, म्हणजे डिस्कचा सिरीयल नंबर, मदरबोर्डचा आयडी, नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता वगैरे. हार्डवेअर बॅन, म्हणजे अकाउंटऐवजी त्या मशीनलाच बंदी, यावरूनच होतो. प्रायव्हसीच्या दृष्टीने मला या हार्डवेअर ओळखीचीच जास्त काळजी वाटते, कारण ईमेल बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो, मदरबोर्ड कोण बदलत बसणार. सेकंडहँड पार्ट घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बॅन डोक्यावर घेऊन फिरावं लागू शकतं.

म्हणजे कर्नेलची भीती उगाच आहे?

नाही. भीती बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. "ते माझ्याकडे बघतील" यापेक्षा "त्यांच्याकडून चूक झाली तर माझं काय" हा खरा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रॅममध्ये बग असला तर तो प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नेल ड्रायव्हरमध्ये बग असला तर अख्खा पीसी निळ्या स्क्रीनवर जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणालातरी तिथून आत यायला दार मिळतं.

हे कल्पनेतलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅपकॉमने स्ट्रीट फायटर ५ मध्ये चीटिंग रोखायला एक ड्रायव्हर टाकला. त्या ड्रायव्हरमध्ये अशी सोय राहिली होती की पीसीवरचा कुठलाही प्रोग्रॅम त्याला सांगून स्वतःचा कोड कर्नेलच्या अधिकाराने चालवू शकत होता, प्रोसेसरचं एक संरक्षण तेवढ्यापुरतं बंद करून. लोकांनी लगेच पकडलं आणि कॅपकॉमला तो अपडेट मागे घ्यावा लागला. पण ड्रायव्हरवर सही खरी होती, आणि सही असलेली फाइल एकदा बाहेर पडली की ती परत गोळा करता येत नाही.

त्याचंच मोठं रूप ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. गेन्शिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर वापरून रॅन्समवेअरवाले (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे) अँटीव्हायरस बंद पाडतायत असं ट्रेंड मायक्रो या सिक्युरिटी कंपनीने दाखवून दिलं. आणि ज्या मशीनवर हा प्रकार होतो तिथे गेन्शिन इन्स्टॉल असायचीही गरज नाही! हल्लेखोर ती ड्रायव्हरची फाइल स्वतःसोबत आणतात, विंडोजला सही ओळखीची वाटते, ड्रायव्हर लोड होतो आणि मग त्याच्याच ताकदीने अँटीव्हायरसची प्रोसेस मारतात. म्हणजे गेम कंपनीच्या निष्काळजीपणाची किंमत गेम न खेळणाऱ्या ऑफिसातल्या लोकांनीसुद्धा मोजायची.

क्रॅशचं म्हणाल तर १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पाडल्या, विमानं रखडली, हॉस्पिटलं अडकली. ते अँटी-चीट नव्हतं, कंपन्यांचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर होतं, पण बसायची जागा तीच, कर्नेल. सिक्युरिटी हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्याकडून हे होत असेल तर गेम स्टुडिओकडून होणारच नाही असं धरून चालता येत नाही.

कंपनी चांगली आहे, पण आतलाच माणूस फिरला तर?

झालंय तसं. २०१३ मध्ये ईएसईए या काउंटर-स्ट्राइक लीगच्या अँटी-चीट क्लायंटमध्ये बिटकॉइन मायनर निघाला. लोकांची ग्राफिक्स कार्डं उगाच तापायला लागली तेव्हा ते लक्षात आलं. कंपनीने एका कर्मचाऱ्याने हे केल्याचं सांगितलं, न्यू जर्सी राज्याच्या तपासात सुमारे १४ हजार कॉम्प्युटरचा आकडा आला आणि प्रकरण १० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अँटी-चीट स्वतःला अपडेट करत राहतं. तुम्ही ज्या दिवशी परवानगी दिली त्या दिवशीचा कोड चांगला होता, सहा महिन्यांनी येणाऱ्या कोडलाही तीच परवानगी लागू आहे.

गेम बंद केल्यावर पण चालू राहतं का? कसं बघायचं?

टास्क मॅनेजरमध्ये ड्रायव्हर दिसत नाहीत, तिथे शोधू नका. स्टार्ट मेनूमध्ये "सिस्टम इन्फर्मेशन" टाइप करा, डावीकडे "सॉफ्टवेअर एन्व्हायरन्मेंट" उघडा, त्यात "सिस्टम ड्रायव्हर्स". मोठी यादी येईल, त्यात नाव, फाइल कुठे आहे, "स्टार्ट मोड" आणि "स्टेट" असे कॉलम असतात. स्टार्ट मोड "बूट" किंवा "सिस्टम" असेल तर तो ड्रायव्हर पीसी चालू होतानाच येतो, "मॅन्युअल" असेल तर कोणीतरी बोलावल्यावर येतो. गेम बंद करून एकदा बघा आणि गेम चालू ठेवून एकदा बघा, फरक लगेच दिसतो. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर तिथे व्हीजीके नावाने सापडेल.

गेन्शिन २०२० मध्ये आला तेव्हा गेम बंद केल्यावरही ड्रायव्हर चालूच राहतो हे लोकांनी असंच तपासून पकडलं होतं, ओरड झाली आणि मग कंपनीने ते बदललं. व्हॅनगार्ड घड्याळाजवळच्या आयकॉनवरून बंद करता येतं, पण एकदा बंद केलं की पीसी रीस्टार्ट केल्याशिवाय गेम खेळता येत नाही.

गेम अनइन्स्टॉल केला म्हणजे अँटी-चीट पण गेलं ना?

गृहीत धरू नका. व्हॅनगार्डची नोंद प्रोग्रॅमच्या यादीत वेगळी असते, गेम काढल्यावर ते वेगळं काढावं लागू शकतं. ईझी अँटी-चीट अनेक गेममध्ये मिळून एकच सर्व्हिस वापरतं त्यामुळे शेवटचा गेम काढल्यावरही ती मागे राहिलेली दिसते. ती काढायची सोय गेमच्या फोल्डरमधल्या ईझी अँटी-चीटच्या सेटअप फाइलमध्ये असते, म्हणजे फोल्डर उडवायच्या आधी ती चालवा. रीस्टार्ट करून वर सांगितलेली यादी पुन्हा बघा.

गेम म्हणतोय सिक्युर बूट आणि टीपीएम चालू करा. करू का?

करायला हरकत नाही. टीपीएम म्हणजे पीसीतली किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप, आणि सिक्युर बूट तसंही चालू असलेलं चांगलं. पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी सही नसलेला कोड चालू देत नाही ते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट दोन्ही मागतो, बॅटलफील्ड ६ ला सिक्युर बूट लागतं, हे वाढतच जाणार आहे.

पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची सेटिंग) जायच्या आधी दोन गोष्टी केल्याशिवाय हात लावू नका, प्लीज. पहिली, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, बऱ्याच लॅपटॉपवर ते आपल्या नकळत चालू असतं. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या (मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सहसा सापडते) आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. नाहीतर सेटिंग बदलल्यावर पीसी ४८ आकडी की मागतो, आणि ती नसेल तर डेटा गेला, कोणी काही करू शकत नाही. दुसरी, विंडोजची डिस्क जीपीटी आहे का एमबीआर (डिस्कच्या मांडणीच्या नव्या आणि जुन्या पद्धती) ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. एमबीआर असेल तर लेगसी मोड (पीसी सुरू करायची जुनी पद्धत, सिक्युर बूटसाठी बंद करावी लागते) बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही, आधी डिस्क कन्व्हर्ट करावी लागते आणि त्याच्याही आधी बॅकअप.

आणि एखादा व्हिडिओ सांगत असेल की गेम चालत नाहीये तर "मेमरी इंटिग्रिटी" बंद करा, तर ते ऐकू नका. कर्नेलचं संरक्षण करणारी ती सोय आहे.

घरात एकच पीसी आहे. बँकेचं, ऑफिसचं, सगळं त्याच्यावरच. काय करू?

गेमसाठी वेगळं विंडोज अकाउंट करणं बरं आहे. त्याने साधे प्रोग्रॅम तुमच्या फाइलींपासून लांब राहतात, पण कर्नेल ड्रायव्हरला अकाउंटच्या भिंती लागू होत नाहीत हे लक्षात ठेवा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन वेगळी विंडोज, एक गेमचं आणि एक कामाचं. यात लोक एक गोष्ट विसरतात, गेमच्या विंडोजमधला ड्रायव्हर दुसरी डिस्कसुद्धा वाचू शकतो, म्हणून कामाच्या विंडोजवर बिटलॉकर हवंच आणि गेमच्या विंडोजमधून ती डिस्क कधी अनलॉक करायची नाही. कटकट आहे, मान्य. रोजच्या साध्या वापराला इतकं करायची गरज नाही, पण दुसऱ्यांचा डेटा तुमच्या पीसीवर असेल, म्हणजे तुम्ही अकाउंटंट असाल, डॉक्टर असाल, क्लायंटच्या फाइली सांभाळत असाल, तर करा. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर कर्नेल अँटी-चीटवाला गेम टाकायचाच नाही. तो निर्णय तुमचा नाहीच, मशीन कंपनीचं आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा पीसी) खेळलं तर?

बहुतेक कर्नेल अँटी-चीट चालू देत नाहीत, वर बॅनचा धोका. नका करू.

लिनक्सवर?

व्हॉल्व्हने २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतील अशी सोय जाहीर केली, पण चालू करायचं की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं आणि स्टीम डेकवाले (व्हॉल्व्हचं लिनक्सवर चालणारं हातात धरायचं गेमिंग मशीन वापरणारे) बाहेर पडले, ऑक्टोबरच्या शेवटी एपेक्स लेजंड्सने लिनक्स पूर्ण बंद केलं. पैसे भरून विकत घेतलेला गेम एका अपडेटने तुमच्या मशीनवर चालायचा बंद होतो हे मला अजिबात मान्य नाही, कारण काहीही असो.

चीट न करता बॅन होऊ शकतो का?

होऊ शकतो. मेमरीत ठरावीक मजकूर सापडला की चीट, असा नियम ठेवला तर तो मजकूर दुसरं कोणीतरी चॅटमधून तुमच्या मेमरीत टाकू शकतं. २००८ मध्ये पंकबस्टर या अँटी-चीटच्या बाबतीत हाच प्रकार झाला होता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रिकोशेच्या एका तपासणीचा गैरवापर करून निर्दोष लोकांना बॅन करवलं गेल्याचं ॲक्टिव्हिजनला मान्य करावं लागलं. बॅन झाला तर अपील करताना शिव्या घालू नका, त्या दिवशी कुठले प्रोग्रॅम चालू होते (मॅक्रो सॉफ्टवेअर, आरजीबीचं कंट्रोल, ओव्हरले, डीबगर) ते नीट लिहा आणि उत्तर येईपर्यंत पीसी फॉरमॅट करू नका.

इतकं सगळं करूनही चीटर दिसतातच की. मग फायदा काय?

फायदा आहे, चीट बनवणं महाग आणि अवघड होतं. पण हो, थांबत नाहीत. आता डीएमए कार्ड वापरतात, म्हणजे पीसीच्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचं जे मेमरी परस्पर वाचून दुसऱ्या कॉम्प्युटरला देतं, गेमच्या पीसीवर चीटचं सॉफ्टवेअरच नाही. मार्च २०२४ मध्ये तर एपेक्सच्या मोठ्या स्पर्धेत चालू मॅचमध्ये प्रो प्लेयरच्या स्क्रीनवर चीट उघडलं गेलं आणि फायनल पुढे ढकलावी लागली. त्या गेममध्ये ईझी अँटी-चीट होतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीचं भोक नव्हतं असं ईझी अँटी-चीटवाल्यांनी सांगितलं, पण अँटी-चीट असूनही हे झालं हे खरंच.

मला विचाराल तर जास्त मेहनत सर्व्हरवर व्हायला हवी. व्हॅलोरंटमध्येच एक सुंदर उदाहरण आहे, भिंतीमागचा शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा तुमच्या पीसीला पाठवतच नाही. जी माहिती पीसीवर आलीच नाही ती चीट वाचणार कशी? व्हॉल्व्हचं व्हॅकनेट खेळण्याच्या पद्धतीवरून सर्व्हरच्या बाजूने एमबॉट ओळखायचा प्रयत्न करतं. यात कोणाच्याही पीसीत घुसावं लागत नाही. सगळं चीटिंग यातून पकडलं जाणार नाही, पण कर्नेलच्या आधी हे केलंय का हे प्रत्येक स्टुडिओला विचारलं पाहिजे.

मुलगा म्हणतो "साधं चीट टाकतोय, अँटी-चीटपेक्षा तरी बरं". खरं आहे का?

नाही हो, उलट आहे. चीटची फाइल आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगते, मग ॲडमिन परवानगी मागते, आणि बनवणारा कोण हे कोणालाच माहीत नसतं. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन कुकी चोरणारे प्रोग्रॅम फुकटच्या चीटच्या नावाने भरपूर पसरवले जातात. टाकलं असेल तर दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि विंडोज नव्याने टाका. त्या पीसीवरून पासवर्ड बदलून उपयोग नाही.

गेम घ्यायच्या आधी कसं कळणार काय येतंय सोबत?

स्टीमवर (व्हॉल्व्हचं ऑनलाइन गेमचं दुकान) ऑक्टोबर २०२४ पासून कर्नेल अँटी-चीट असेल तर स्टोअर पेजवर ते लिहिणं डेव्हलपरला सक्तीचं आहे, उजव्या बाजूच्या कॉलममध्ये बघा. बाकी लॉन्चरवर आपल्यालाच शोधावं लागतं. प्रायव्हसी पॉलिसी अख्खी वाचायची गरज नाही, पण हार्डवेअर आयडी किती दिवस ठेवतात आणि कोणाला देतात एवढं शोधा. युरोपात राहणाऱ्यांना जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःचा डेटा मागून घेता येतो. आणि भोक दाखवणाऱ्याला बक्षीस देणारी कंपनी मला जास्त बरी वाटते, रायटने २०२० मध्ये व्हॅनगार्डसाठी १ लाख डॉलरपर्यंतचं बक्षीस ठेवलं होतं, निदान बाहेरच्या लोकांनी तपासावं असं त्यांना वाटतं.

मोबाइल आणि कन्सोलचं काय?

कन्सोलवर वेगळं कर्नेल अँटी-चीट टाकावं लागत नाही, सिस्टमच बंदिस्त असते. मोबाइलवर गेमला कर्नेलमध्ये जाता येत नाही, तो फोन रूट (सिस्टमची कुलपं काढलेला) आहे का, ॲपमध्ये फेरफार झालाय का एवढं तपासतो. तिथे परवानग्या बघा, शूटरला कॉन्टॅक्टची यादी कशाला हवी.

आपण ओरडून काही होतं का?

होतं. डूम इटर्नलमध्ये मे २०२० मध्ये डेनुवोचं कर्नेल अँटी-चीट अपडेटमधून आलं, म्हणजे लोकांनी गेम विकत घेऊन दोन महिने झाल्यावर, आणि लोकांनी इतका विरोध केला की थोड्याच दिवसांत ते काढायचं जाहीर झालं. सुरुवातीला व्हॅनगार्ड फॅन आणि तापमान बघणाऱ्या प्रोग्रॅमचे ड्रायव्हर अडवायचं, तक्रारी आल्यावर रायटने ते बरंच सैल केलं आणि बंद करायचा आयकॉन दिला. तक्रार करताना "स्पायवेअर आहे" एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही. गेम बंद असताना कुठला ड्रायव्हर चालू दिसला, त्याची आवृत्ती काय, विंडोजची आवृत्ती काय, हे सिस्टम इन्फर्मेशनच्या स्क्रीनशॉटसकट पाठवा, आणि रिफंडची मुदत संपायच्या आत पाठवा.